लिफ्ट मास्तरांचे चार उपचार

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जिन्याने जाताना दिसला की लोकांना गंमत वाटते. कंपनीच्या रिसेप्शनवरची बाई तर रोज विचारायची, "काय मास्तर, आज पण वजन कमी करायचंय?" मास्तर म्हणायचे, "हो, डॉक्टरांनी सांगितलंय." पाचव्या मजल्यावरच्या स्टोअरमध्ये पोचेपर्यंत त्यांना दोनदा थांबावं लागे. एकदा दम लागला म्हणून आणि एकदा तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचा दरवाजा जिन्याला अगदी लागून होता म्हणून. दारामागून दोर सरकल्याचा आवाज आला की ते भिंतीला टेकून उभे राहत. आवाज थांबला की पुढे निघत.

वय सत्तेचाळीस. उंची बेताची, डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. लिफ्टच्या कामात चोवीस वर्षं. मास्तर हे नाव नव्या मेकॅनिकांनी पाडलेलं, कारण त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे शाळेत बसणं होतं. वॉकीटॉकीवर ते जे बोलतील ते समोरच्याने जसंच्या तसं परत म्हणायचं, मगच हात हलवायचा. कोणी नुसतं "हं" म्हटलं तर ते खाली उतरून येत आणि विचारत, "हं म्हणजे काय? हो की नाही?"

या कामात माणसं जोडीने असतात. एकजण गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, मोटर आणि कंट्रोल पॅनेलपाशी. दुसरा शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वर-खाली होते त्या उभ्या पोकळीत, केबिनच्या टपावर. टपावर एक लाल बटण असतं. चढणाऱ्याने आधी हात आत घालून ते दाबायचं आणि मगच पाय टाकायचा. बटण दाबलेलं आहे तोवर लिफ्ट हलत नाही. टपावरच्या माणसाचा जीव म्हणजे ते बटण आणि वरचा जोडीदार.

मास्तरांचा जोडीदार त्यांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. घरातला सगळ्यात लहान म्हणून त्याला बारक्या म्हणत. पुढे तो सहा फुटांच्या वर गेला, पण नाव राहिलं. त्याला कामाला मास्तरांनीच लावलं आणि शिकवलंही त्यांनीच. चौदा वर्षं दोघं एकाच स्कूटरवरून कामाला जात. स्कूटर बारक्या चालवायचा, कारण मागे बसला की त्याचे पाय जमिनीला लागत.

अपघात झाला तो एका आठ मजली ऑफिसच्या इमारतीत. जुनी लिफ्ट, सातव्या मजल्याच्या दाराचं कुलूप मधूनच दगा देत होतं. मास्तर टपावर होते. लिफ्ट अचानक वर निघाली आणि शाफ्टच्या माथ्यावरच्या लोखंडी तुळईखाली हातभर अंतरावर थांबली. त्या हातभर जागेत मास्तर चाळीस मिनिटं आडवे होते, तोंड तुळईकडे. गळ्याजवळचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या. चौथ्या दिवशी ते नीट शुद्धीवर आले तेव्हा कंपनीचा अहवाल तयार होता. त्यात बारक्याचा जबाब होता: मास्तरांनी लाल बटण सोडलं, वॉकीटॉकीवर "सोड" म्हणाले, मी "सोडतो" म्हणालो आणि मेन स्विच चालू केला.

मास्तरांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. पण जबाब त्यांनीच शिकवलेल्या माणसाचा होता आणि त्यातली भाषाही त्यांचीच होती. त्यांनी सही केली.

हाडं जुळली. पण पहिल्याच दिवशी लिफ्टच्या उघड्या दारासमोर उभे राहिल्यावर त्यांचे गुडघे असे लटपटले की दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं. कंपनीने तशी माणुसकी दाखवली. वर्षभरासाठी त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. वर्षाच्या आत पुन्हा टपावर चढून काम करून दाखवलं तर जुनी जागा, नाहीतर कायमचं स्टोअर. मधल्या काळात त्यांच्या जागेवर पथकाचा प्रमुख म्हणून बारक्याला नेमलं.

मास्तरांना स्टोअर म्हणजे शिक्षा वाटे. खिडकीतून हात येई, मास्तर हातात रोलर किंवा बेअरिंग ठेवत, हात निघून जाई. त्यांना शाफ्ट परत हवा होता. तेवढंच हवं होतं.

मनाचे डॉक्टर शोधले बायकोने. ती एका शाळेच्या ऑफिसात होती आणि कामं मार्गी लावण्याची तिला सवय होती. तिने चौकशा केल्या, वेळ घेतली, निळी फाइल केली. मास्तर आत जात, ती फाइल मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसे.

पहिले डॉक्टर वयस्कर होते. खोलीत दोन खुर्च्या, दोन्ही खिडकीकडे तोंड करून, म्हणजे एकमेकांकडे बघायला नको. लिफ्टबद्दल त्यांनी जेमतेम विचारलं. लहानपणाबद्दल विचारलं, वडिलांबद्दल विचारलं, आणि मग गप्प बसले. मास्तरांना हे गप्प बसणं जड जाई. ते म्हणत, "डॉक्टर, लिफ्ट वडिलांनी बसवली नव्हती." डॉक्टर म्हणत, "हो, ते मला कळलं." आणि पुन्हा गप्प.

सहाव्या-सातव्या वेळी मास्तरांच्या तोंडून एक गोष्ट निघाली. घरात काही फुटलं की वडील सगळ्या भावंडांना रांगेत उभं करत आणि विचारत, कोणी केलं? उत्तर येईपर्यंत कोणी हलायचं नाही. मास्तर थोरले. ते म्हणत, "मी." केलेलं असो वा नसो. म्हणजे विषय मिटे आणि धाकट्यांना जेवता येई.

"तुम्हाला 'मी' म्हणायची फार घाई असते," डॉक्टर म्हणाले.

घरी जाताना मास्तर बायकोला म्हणाले, "शहाणा माणूस आहे, पण याला लिफ्टचं काही कळत नाही." तरी एक गोष्ट खरी की त्या खोलीत जायला लागल्यापासून त्यांना स्वतःबद्दल सलग चार वाक्यं बोलता येऊ लागली. त्याआधी ते फक्त कामाबद्दल बोलत.

त्या डॉक्टरांनीच त्यांना एका गटात पाठवलं. दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठ-नऊ माणसं गोल करून बसत. प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी आलेलं. एक नर्स होती, तिला फोनची घंटा सहन होत नसे. एक निवृत्त बसचालक होता, त्याच्या बससमोर एकदा एक माणूस आला होता. मास्तरांनी आपलं सांगितल्यावर नर्स म्हणाली, "तुम्हाला लिफ्टची भीती, मला फोनची. आपल्याला तळमजल्यावर, पत्रं टाकणाऱ्या कंपनीतच नोकरी मिळेल." सगळे हसले. मास्तरही हसले, आणि हसताना बरगड्या दुखत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं.

गटात उपदेश नव्हता. दुसरा बोलत असताना त्याचं तोंड बघायचं आणि आपलं ओळखायचं, एवढंच. मास्तरांना ते मानवलं. फक्त एकदा बसचालकाने त्यांना चिडवलं. "मास्तर, तुमच्या गोष्टीत तुमचा जोडीदार कुठेच नसतो हो."

"तो वर होता."

"वर होता ते कळलं. करत काय होता?"

"त्याचं काम."

"बरं," बसचालक म्हणाला. "माझ्या बसला कंडक्टर होता. मी त्याला वर्षभर माझ्या गोष्टीत घेतला नव्हता. सांगितलं आपलं."

मास्तर त्या दिवशी गटातून लवकर उठून गेले.

आठ महिने झाले. मास्तर हसत होते, जेवत होते, पण जिनाच चढत होते. मग बायकोनेच भीतीवर उपचार करणाऱ्या एका मॅडमचं नाव काढलं. मॅडम चाळिशीच्या, चष्मा कपाळावर, टेबलावर पांढरा फळा. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्हाला काय करता यायला हवंय?"

"टपावर चढायचंय."

"मग आपण तेच करू."

मास्तरांना ही बाई आवडली. इथे काम होतं, हत्यारं होती. मनात येणारे विचार एका रकान्यात लिहायचे, त्याच्या बाजूचा पुरावा दुसऱ्यात, विरुद्धचा तिसऱ्यात. भीतीच्या पायऱ्या केल्या. लिफ्टच्या बंद दारासमोर पाच मिनिटं उभं राहायचं. दार उघडं असताना उभं राहायचं. एक मजला जायचं. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं, पळायचं नाही. पहिल्या वेळी मास्तरांचा सदरा घामाने भिजला. आठव्या वेळी ते दारासमोर उभे राहून जांभई देत होते. तीन आठवड्यांनी ते ऑफिसच्या पाचव्या मजल्यावर लिफ्टने गेले. रिसेप्शनवरची बाई उभी राहिली आणि तिने टाळ्या वाजवल्या.

एकदा मॅडमनी फळ्यावर वर्तुळ काढलं. "अपघाताची जबाबदारी म्हणजे हे वर्तुळ. ज्याची जितकी, तितका तुकडा द्या." मास्तरांनी एक बारीक फाक कापली आणि त्यात लिहिलं, जुनी लिफ्ट. उरलेल्या सगळ्यावर लिहिलं, मी.

"आणि मशीन रूममध्ये होते ते?"

"त्याला मी 'सोड' म्हणालो. त्याने सोडलं. त्याचा काय दोष?"

"म्हणालात हे तुम्हाला आठवतंय?"

"अहवालात आहे."

मॅडमनी ते तसंच ठेवलं. शेवटची पायरी, म्हणजे टप, काही केल्या जमत नव्हती. दार उघडून टप दिसला की गुडघे पुन्हा तसेच. मॅडम म्हणाल्या, तुमची भीती लिफ्टची नाही, त्या चाळीस मिनिटांची आहे, आणि ती तुम्ही अजून नीट बघितलेलीच नाहीत. मग नवा प्रकार सुरू झाला. डोळे मिटायचे आणि ती सकाळ सांगायची, पण आत्ता घडतेय अशी. पाय टाकला असं नाही म्हणायचं, पाय टाकतो म्हणायचं. ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज एकदा पूर्ण ऐकायचं. शंभरदा ऐकलं की मन त्याला जुनी गोष्ट मानायला लागतं, असं त्यामागचं गणित.

मास्तर स्टोअरमधून चारला सुटत. साडेचारला आतल्या खोलीत बसून ते ऐकत. कानात घालायचे इअरफोन त्यांना टोचत, म्हणून फोन टेबलावर ठेवून. बाहेरच्या खोलीत बायको इस्त्री करत असे. रोज त्यांचाच आवाज घरभर ऐकू येई: "मी सातव्या मजल्याचं दार उघडतो. हात आत घालतो. लाल बटण दाबतो. खटका बसतो. पाय टाकतो. मग मी बटण सोडलं असणार. मग लिफ्ट वर जाते."

मॅडमनी चौथ्या बैठकीत ते वाक्य धरलं. "बाकी सगळं तुम्ही 'करतो' म्हणता. इथेच 'असणार' का? इथे हळू जाऊ. लिफ्ट हलतेय. हात कुठे आहे तुमचा?"

मास्तरांचे डोळे मिटलेले होते. कपाळावर घाम होता. "बटणाकडे जातोय. लिफ्ट थांबवायला हवी. मी बटणावर तळहात मारतो."

"आणि?"

"ते आत जात नाही." ते थांबले. "ते आधीच आत आहे. दाबलेलंच आहे. मी पुन्हा मारतो. ते आतच आहे."

मॅडमना लिफ्टमधलं काही कळत नव्हतं. त्यांनी साधेपणाने विचारलं, "दाबलेलं असलं की काय होतं?"

"लिफ्ट हलत नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डोळे उघडले.

चोवीस वर्षं काम केलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. सगळ्या दारांची कुलपं आणि ते लाल बटण एकाच वायरीच्या साखळीत असतात. एक जरी कुलूप उघडं असलं किंवा बटण दाबलेलं असलं तरी मोटरला वीज मिळत नाही. कुठलं कुलूप बिघडलंय ते शोधताना मेकॅनिक पॅनेलमध्ये तारेचा तुकडा लावून साखळीचा थोडा भाग तात्पुरता जोडून घेतात. त्याला जंपर म्हणतात. तो थोड्या भागावरच लावायचा असतो. कंटाळा करून कोणी सगळ्या साखळीवर लावला, तर टपावरचं लाल बटण नुसतं प्लॅस्टिक उरतं.

मॅडम म्हणाल्या, "एक सांगते. आठवण म्हणजे पुरावा नव्हे. ती खरी असू शकते, चुकीचीही असू शकते. घाई करू नका."

"नाही करत," मास्तर म्हणाले.

घरी बायको इस्त्री करत होती. मास्तर चपला काढून तिच्यासमोर उभे राहिले. "बटण दाबलेलं होतं," ते म्हणाले. एवढंच.

इस्त्री थांबली. "त्याने मुद्दाम नाही केलं हो," ती म्हणाली.

मास्तरांनी कोणाचा विषयही काढला नव्हता. ते खुर्चीवर बसले. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"इस्त्री बंद करू दे." तिने बटण बंद केलं, सदरा बाजूला ठेवला. "तिसऱ्या दिवसापासून. तुम्ही आत होतात. तो हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडत होता. ताई, माझ्यावर केस होईल म्हणाला. पोरं लहान आहेत म्हणाला. मी म्हटलं, आधी ते शुद्धीवर येऊ देत."

"मी चौथ्या दिवशी आलो शुद्धीवर."

"हो."

"अकरा महिने झाले."

"मला वाटलं, तुम्ही बरे झालात की कोणाची चूक होती याने काय फरक पडतो?"

"मला पडत होता. रोज साडेचारला पडत होता. 'मी बटण सोडलं असणार' म्हणत होतो, आणि तू इथे माझेच कपडे इस्त्री करत होतीस."

"मीच नेलं ना तुम्हाला सगळीकडे?" तिचा आवाज चढला. "दोन-दोन डॉक्टर कोणी शोधले? सुट्ट्या कोणी काढल्या?"

ते खरं होतं. एका वाक्याने जे झालं असतं, त्यासाठी तिने अकरा महिने बाकांवर बसून काढले होते.

रविवारी बारक्या आला. दारातच खाली मान घालून म्हणाला, "दाजी, मारा मला."

"बस. मारायला मला स्टूल लागेल."

बारक्याने सगळं सांगितलं. सकाळी कुलूप सापडत नव्हतं, म्हणून त्याने अख्ख्या साखळीवर तार टाकली. मग फोन आला, बोलत राहिला, तार विसरला. पॅनेलचा दिवा लागतो का ते बघायला मेन चालू केला. "म्हटलं दाजींनी लाल दाबलंय, लिफ्ट जातेय कुठे? ती तार मीच लावलीय हे डोक्यातच आलं नाही. आणि आठव्या मजल्यावर कोणीतरी लिफ्ट बोलावून ठेवली होती."

"कळलं कधी?"

"दोर फिरायला लागले तेव्हा. लगेच मेन बंद केला. चार-पाच सेकंद, जास्त नाही."

"मग?"

"मग धावत खाली आलो. तुम्हाला हाका मारल्या, हात घालून तुमचं दाबलेलं बटण सोडलं, लोकांना बोलावलं..."

"तार कधी काढलीस?"

बारक्याने मागे वळून पाहिलं. त्याची बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आधी तार काढलीस," मास्तर म्हणाले. "मग खाली आलास."

"दोन मिनिटं लागली असतील, दाजी."

मास्तर उठून आत गेले आणि दार लावून घेतलं.

पुढच्या बैठकीत त्यांनी मॅडमना विचारलं, "तुमच्या पायऱ्यांमध्ये याला कुठली पायरी आहे?" मॅडम म्हणाल्या, नाही. भीतीवर माझ्याकडे औषध आहे, कोणी फसवलं त्यावर नाही. ते दोघांनी मिळून बघावं लागेल. त्यांनी जोडप्यांना भेटणाऱ्या एका समुपदेशकाचं नाव दिलं. हा चौथा उपचार.

तिथे पद्धत अशी की एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने जे ऐकलं तेच परत सांगायचं, आपलं काही घालायचं नाही. मास्तरांना यात शिकण्यासारखं काही नव्हतं.

बायको म्हणाली, "मी घर वाचवत होते."

"ती म्हणते, ती घर वाचवत होती," मास्तर म्हणाले.

"आता तुम्हाला काय वाटतं ते सांगा," समुपदेशक म्हणाले.

"कोणाचं घर, एवढंच विचारायचंय."

"एकच भाऊ आहे मला," बायको म्हणाली.

"नवरे किती आहेत?"

समुपदेशकांनी दोघांना पाणी दिलं. त्या तासाने समेट झाला नाही. पण बायको पहिल्यांदा रडली, माझं चुकलं म्हणाली, आणि आपणहून एक शब्द दिला: कंपनीतून कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. मास्तरांनी तोही शब्द परत उच्चारला, नियमाप्रमाणे. त्या आठवड्यात दोघं घरात आवाज न चढवता बोलले. उपचाराचा उपयोग झाला म्हणायचा.

आणखी एक गोष्ट झाली. मॅडमनी पुन्हा टप दाखवला तेव्हा मास्तरांचे गुडघे लटपटले नाहीत. आपल्या हाताने आपल्यालाच दगा दिला, ही ती भीती होती. हाताने दगा दिलेला नव्हता.

चाचणीचा दिवस आला. इमारत तीच, लिफ्ट तीच. कंपनीचे सुरक्षा अधिकारी हातात कागद घेऊन उभे होते, आणि पथकाचा प्रमुख म्हणून मशीन रूममध्ये बारक्या असणार होता. मास्तर म्हणाले, "साहेब, मी चढतो. पण वर हा नको."

"का?"

मास्तरांनी चार वाक्यांत सांगितलं. तार, मेन, बटण, जबाब.

अधिकाऱ्यांनी बारक्याकडे पाहिलं. बारक्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग त्याने हळूच मान हलवली, जशी आजारी माणसासमोर हलवतात. "साहेब, दाजींचे उपचार चालू आहेत. डोळे मिटून गोष्ट सांगायची, रोज तीच टेप ऐकायची, असं आहे काहीतरी. त्यातून काय काय मनात येतं माणसाच्या. मी रागावलेलो नाही त्यांच्यावर."

 त्या रविवारी मास्तरांच्याच खोलीत बसून कबुली दिलेला माणूस हाच.

अधिकारी काही वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, "हे आणखी कोणाला माहीत आहे, मास्तर?"

"माझ्या बायकोला."

फोन स्पीकरवर लावला. अधिकाऱ्यांनी नीट, सभ्यपणे विचारलं: अपघाताबद्दल तुमच्या भावाने तुम्हाला काही वेगळं सांगितलं होतं का? पलीकडे शाळेची घंटा वाजत होती. ती वाजून थांबली.

"साहेब," बायको म्हणाली, "मला लिफ्टमधलं काय कळतं?"

"तसं नाही. भाऊ काही म्हणाले होते का?"

"ह्यांची तब्येत अजून नाजूक असते हो. तेवढं सांभाळून घ्या."

खोटं असं ती काही बोलली नव्हती. अधिकाऱ्यांनी फोन खिशात ठेवला. "मास्तर, आज राहू दे का?"

"नाही, आजच. मशीन रूममध्ये तुम्ही उभे राहा. मी म्हणेन ते परत म्हणा, मग हात लावा."

ते आधी गच्चीवर गेले. पॅनेल उघडून एकेक वायर बघितली. मग सातव्या मजल्यावर आले, दार उघडलं, हात आत घातला, बटण दाबलं, आणि पाय टाकला. दाराच्या कुलपाचा झिजलेला भाग बदलला, घासला, तपासला. चाळीस मिनिटं लागली. हात स्थिर होते. अधिकाऱ्यांनी कागदावर मानसिक स्थितीच्या रकान्यात लिहिलं, समाधानकारक. अपघाताचा अहवाल होता तसाच राहिला. तोंडी तक्रारीवरून तो उघडता येत नाही, असं त्यांनी सांगितलं.

पुढच्या सोमवारी मास्तरांना प्रमुखाची जुनी जागा मिळाली. ते घर सोडून गेले नाहीत. बायको विचारते त्याला उत्तर देतात, त्यापलीकडे नाही. टेप ऐकणं मॅडमनी थांबवायला सांगितलं. साडेचारला आता घरात आवाज नसतो.

पथकाच्या जोड्या लावणं हे प्रमुखाचं काम. मास्तरांनी पहिल्या आठवड्याचा कागद लावला. बारक्या टपावर. मशीन रूममध्ये मास्तर स्वतः.

मंगळवारी दुपारी दीडला एका बँकेच्या इमारतीत बारक्या चौथ्या मजल्याच्या दारात उभा राहिला. मास्तर गच्चीवर पॅनेलपाशी होते.

"लाल दाबलं," वॉकीटॉकीवर आवाज आला.

"लाल दाबलं," मास्तर म्हणाले. "चढ."

 मिनिटभराने बारक्या म्हणाला, "दाजी, वर तार-बीर लावलेली नाही ना?"

"वर तार लावलेली नाही."

"मेन बंद आहे ना?"

"मेन बंद आहे."

"नक्की?"

मास्तरांनी वॉकीटॉकी बाजूला ठेवला. नक्की हा शब्द त्यांच्या नियमांत नव्हता. खाली बँकेतली माणसं दार ठोठावून विचारत होती, अजून किती वेळ. दहा मिनिटं गेली. मग जिन्यात पावलं वाजली आणि बारक्या मशीन रूमच्या दारात आला, वाकून, कारण ते दार ठेंगणं होतं. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. त्याची नजर मास्तरांच्या चेहऱ्यावर नव्हती. ती पॅनेलवर होती, मग मास्तरांच्या हातांवर, मग त्यांच्या खिशावर.

"दाजी, तुम्ही जा टपावर," तो म्हणाला. "मी इथे थांबतो."

"नाही," मास्तर म्हणाले. "तिथे आता तूच."

बारक्या दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मास्तरांनी पॅनेलचं झाकण लावलं, लिफ्ट बंद असल्याची पाटी त्याच्या हातात दिली, आणि तळमजल्यावर लावून यायला सांगितलं.